एक रकाना जास्तीचा

पुण्याहून आलेल्या माणसानं आपल्या सॉफ्टवेअरमधले सगळे रकाने दाखवून संपवले, टाय सैल केला आणि विचारलं, "अजून काही शंका?" तेव्हा तात्यांनी चष्मा काढून सफारीच्या टोकाला पुसला, खिडकीबाहेर बघितलं आणि पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "ह्यात एक रकाना वाढवून मिळेल का?" पुण्याचा माणूस खूश झाला. रकाना मागणारं गिऱ्हाईक म्हणजे विकत घेणारं गिऱ्हाईक. "मिळेल की. कशाचा?" तात्या म्हणाले, "तसाच. एक." "वयाचा? पत्त्याचा?" "छे छे." "मग स्किलचा? म्हणजे कुणाला काय काम येतं, त्याचा?" तात्यांनी जरा विचार केला. "तसंच काहीसं," ते म्हणाले, "पण जन्मापासूनचं."

सुमंत शेजारच्या स्टुलावर कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला होता. त्याचा राग नेहमी उजव्या कानामागून सुरू व्हायचा. तिथं आधी कोमट, मग गरम, मग कुणीतरी इस्त्री टेकवल्यासारखं. आताही तसंच झालं, आणि तो काय करत होता तर मान डोलावत होता. हा त्याच्या मानेचा जुना दोष. कानामागं इस्त्री असली तरी मान आपली डोलत राहायची, 'बरोबर आहे तात्या, बरोबर आहे तात्या'. पुण्याच्या माणसाला मात्र काही कळलं नाही. तो बिचारा पुण्याचाच, पण संगणकाच्या पुण्याचा. त्यानं वहीत 'जन्मतारीख' असं लिहून घेतलं, तात्यांनी ते वाचलं आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला काय समजावायचं, अशा दुःखानं हसले.

तात्यांची 'निर्मल सर्व्हिसेस' सांगलीत नावाजलेली होती. बँका, दवाखाने, एक थिएटर, कराडच्या एका कॉलेजचं हॉस्टेल, आणि बाजारपेठेतले सार्वजनिक संडास, एवढं सगळं तात्यांकडं कामाला असलेल्या बायका रोज झाडून पुसून धुऊन लख्ख करत. कुणी कुठं जायचं हे दर शनिवारी दुपारी तात्या ऑफिसच्या पायरीवर उभं राहून तोंडी सांगत. त्यांचा आवाज खणखणीत होता. पण आता साताऱ्याचंही असंच काम मिळालं होतं, संडास धरून, पोवई नाक्यावर जागाही बघितली होती, आणि आवाज कितीही खणखणीत असला तरी तो साताऱ्याला पोहोचेना. म्हणून कॉम्प्युटर. म्हणून सुमंत. आणि म्हणून, दोन महिने झाले, पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं हा प्रश्न ऑफिसात एखाद्या उपवर मुलीसारखा बसून होता. बघायला येणारे येत, चहा पोहे खात, आणि 'कळवतो' ऐकून जात.

पुण्याचं सॉफ्टवेअर मागच्या आठवड्यात फुकट चालवून बघितलं, तिथंच सगळं बिनसलं. सॉफ्टवेअरला माणसं ओळखू येत नव्हती. त्यानं सगळ्या बायकांची नावं एका ओळीत उभी केली, सगळ्या जागा दुसऱ्या ओळीत उभ्या केल्या आणि पाळीपाळीनं जोड्या लावल्या, सगळ्यांना सगळीकडं. प्रिंटरनं करकरत कागद बाहेर टाकला. त्या कागदाला दोन्ही कडांना भोकं होती, आणि भोकं असलेला कागद सरकारी असतो अशी बायकांची समजूत असल्यामुळं कुणी हू की चू केलं नाही. संडासाला वर्षानुवर्षं अंबूबाई आणि तिच्या वस्तीतल्या बायकाच जात. हे कुणी ठरवलं नव्हतं. ठरवावं लागलं नव्हतं. भोकांच्या कागदानं अंबूबाईला बँकेत पाठवलं, आणि नेहमी बँकेत जाणाऱ्या रेश्माचं नाव आलं संडासापुढं. रेश्मा तासगावकडची, द्राक्षबागायतदाराच्या घरची, नवरा फौजेत. ती गेली नाही. तिच्या जागी दुसऱ्या दिवशी तिचे सासरे आले, आप्पासो, पांढरा फेटा, हातात पिशवी, पिशवीत बेदाणे. भांडायला येतानाही रिकाम्या हातानं यायचं नाही हा त्या घराचा रिवाज असावा.

"तात्यासाब," आप्पासो खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाले, "आमचा पोरगा तिकडं बर्फात हुबा हाय. देश राखतोय त्यो."

"अभिमान आहे आम्हाला," तात्या म्हणाले.

"आन हिकडं त्येची बायकू काय राखणार? संडास?"

तात्यांनी सुमंतकडं बोट केलं. "कॉम्प्युटरची चूक झाली, आप्पासो. हा नीट करतोय."

"कराच नीट. लय शिकल्याला दिसतोय पोरगा. घ्या की रं बेदाणं, घ्या." आप्पासोंनी मूठभर बेदाणे सुमंतच्या हातावर घातले, आणि सुमंतनं ते खाल्ले. गोड होते. बेदाणे खाताना माणसाला रागावता येत नाही, जबडा दुसऱ्या कामात असतो. पण मग दिवसभर ती गोडी दाढेत चिकटून राहिली आणि तो दाढेवर रागावत राहिला. चूक काय होती नेमकी? कॉम्प्युटरनं एवढंच केलं होतं की त्याला जे सांगितलं नव्हतं ते त्यानं केलं नव्हतं. तेवढ्यात बँकेतून फोन आला. नेहमीची बाई का नाही, म्हणून. काम वाईट झालं का, असं विचारल्यावर पलीकडून म्हणाले, "काम चांगलंय हो. फरशी अशी कधी दिसलीच नव्हती. पण नेहमीची बाई पाठवा."

सुमंतची आई वडूजच्या स्टँडवर झाडायची. झाडायची हा शब्द सुमंतनं स्वतःपुरता निवडलेला होता. झाडणं हा त्या कामाचा सगळ्यात सभ्य भाग होता. फिनेलच्या वासानं इतर लोकांना दवाखाना आठवतो, सुमंतला आईची मांडी आठवायची. त्याचं नाव तिनं एका साहेबाच्या बंगल्यावरून उचलून आणलेलं. साहेबाच्या मुलाचा जुना स्वेटर आणला त्याच दिवशी. स्वेटर आणि नाव, दोन्ही त्याला मोठं व्हायचं. मग तो वाढला, स्वेटर आखूड झाला, नाव मात्र मापात बसलं. आडनावाच्या जागी मास्तरांनी सरळ 'वडूजकर' लिहून टाकलं. एवढ्या सामानावर तो डिप्लोमा घेऊन सांगलीत आला, तर तात्यांनी त्याला काही विचारलंच नाही. चष्मा, स्वच्छ बोलणं आणि सुमंत हे नाव, या तीन पुराव्यांवर त्यांनी मनातल्या मनात खटला चालवून निकाल देऊन टाकला. लोक मात्र विचारायचे. कुठलं गाव? वडूज. वडूजात कुठं? या दुसऱ्या प्रश्नासाठी साऱ्या महाराष्ट्रात माणसं पहिला प्रश्न विचारतात. सुमंत सांगायचा, "स्टँडजवळ." ते खरंच होतं. त्याहून जवळ कुणी राहतच नव्हतं.

तात्या वाईट असते तर बरं झालं असतं. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं, राग सरळ जातो आणि लागतो. तात्या दुपारी आपल्या डब्यातली भाजी स्वतःच्या हातानं सुमंतच्या झाकणात वाढत. "खा रे, अंगावर मांस नाही तुझ्या." गणपतीत चारुशीलाकाकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसवून मोदक वाढत आणि वर साजूक तूप सोडत. त्या वेळी कानामागं काही होत नसे. पोटात मात्र व्हायचं. मोदक कुणाच्या पोटात चाललाय हे मोदकाला ठाऊक आहे आणि तो आता बोलणार, असं काहीतरी. आणि आता तर तात्या म्हणाले होते, साताऱ्याची शाखा सांभाळायला तुझ्याशिवाय आहे कोण? पोवई नाक्याच्या जागेला वर एक खोली होती, खोलीला गच्ची होती, गच्चीवरून अजिंक्यतारा दिसत होता. सुमंतनं आईला तिथं बसवूनही टाकलं होतं, मनात. खुर्चीवर. हातात काही नाही. आई म्हणत होती, "आरं, नुसतं बसून काय करू?" आणि तो म्हणत होता, "काही करू नकोस. नुसती बस." हे चित्र तो दिवसातून इतक्या वेळा बघायचा की त्याच्या कडा विरायला लागल्या होत्या.

पुण्याचा माणूस 'कळवतो' ऐकून गेला, तसा दुसऱ्या दिवशी नाथाजी आला. हा सांगलीचाच, कॉम्प्युटर क्लास चालवणारा, आणि त्यानं ऊसतोडीसाठी केलेलं सॉफ्टवेअर तात्यांच्या धंद्याला लावून दाखवायला आणलेलं. त्यात प्रत्येक बाई ही एक बैलगाडी होती. रेश्माचं नाव घातलं की पडदा विचारायचा: बैल किती? शून्य लिहिलं की म्हणायचा: गाडी नादुरुस्त.

"त्येवढं बैलाचं मनावर घेऊ नगा," नाथाजी म्हणाला. "दोन लिवा, पुढं जातंय."

"बायकांना बैल लावायचे?" तात्यांनी विचारलं.

"कागदावर न्हाई येत, तात्या. आतल्या आत ऱ्हात्यात."

तात्यांनी मग चष्मा पुसून रकान्याचं विचारलं. नाथाजीला क्षणभरही लागला नाही. पुण्याच्या माणसाला जे टाय सैल करून कळलं नव्हतं ते याला चहा ढवळता ढवळता कळलं. "करतो की! त्यात काय? रकान्याला नाव काय देऊ ते सांगा." तात्या दचकले. "नाव कशाला? बिननावाचाच ठेव." "बिननावाचा घेत न्हाई ओ ते. काय तर नाव लागतंय." तात्या आढ्याकडं बघत राहिले, पंखा त्यांच्याकडं बघत राहिला, आणि बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "विशेष. विशेष असं लिही." सुमंतच्या कानामागची इस्त्री तापली. या विशेषनामानं त्याच्या आईला कधी कुणी हाक मारली नव्हती. मारल्या होत्या त्या हाका बऱ्याच आखूड होत्या. आणि नाथाजीचं हसू! ते हसू सुमंतकडंही वळलं, आपण सगळे समजूतदार लोक आहोत अशा अर्थानं, आणि सुमंतचं तोंड, मानेचाच भाऊ तो, उलट हसलं.

पण बायकांना बैल म्हणणं चारुशीलाकाकूंना पसंत पडेना, आणि पुण्याचं सगळ्यांना सगळीकडं पाठवी. तात्यांना ठरवता येईना. तेव्हा त्यांनी कौल लावायचं ठरवलं. त्यांच्या मूळ गावी देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देव गावाला, प्रश्न सांगलीत, आणि ज्याच्याबद्दल प्रश्न तो समोरच, असा हिशेब करून तात्यांनी कौल मॉनिटरलाच लावला. काकूंनी उदबत्ती ओवाळली. उजवीकडं शेवंतीची एक पाकळी, पुण्याची. डावीकडं एक, नाथाजीची. सगळे हात जोडून उभे राहिले. कॉम्प्युटर चालू असताना काचेत वीज खेळत असते, ती धूळ धरते, केस धरते, शेवंती तर सहज धरते, हे सुमंतला ठाऊक होतं. तो बोलला नाही. निदान एका बाबतीत तरी माहिती आपल्यापाशी असून दुसऱ्यांना नाही, याचा त्याला सूक्ष्म आनंद होत होता. पाकळ्या हलेनात. तात्या म्हणाले, "कडक देवस्थान आहे." सगळ्यांचे पाय अवघडले. मग लाइट गेली, पडदा विझला आणि काही वेळानं दोन्ही पाकळ्या एकदम गळून कीबोर्डवर पडल्या.

"दोन्ही," तात्या हलक्या आवाजात म्हणाले. "दोन्ही घ्या म्हणतोय. म्हणजे सुमंत, पुण्यासारखं दिसणारं आणि नाथाजीसारखं समजणारं असं तूच एक लिहून काढ. तुला येतं ते... फॉक्सप्रो का काय. रकाना घाल, आणि त्याला सांग, विशेष असेल तर संडास. बस. तो रकाना झाला की सातारा तुझा." आणि त्यांनी सुमंतच्या पाठीवर हात ठेवला. उबदार, जड, बापाचा असावा तसा हात. सुमंतला बाप आठवत नव्हता, त्यामुळं त्या हाताशी कशाची तुलना करायची हे त्याला कळेना, आणि त्याचाही राग आला.

तो आठवडाभर लिहीत बसला. नावं, जागा, वार, रजा, सगळं सरळ झालं. राहिला तो रकाना. हात त्यावर आले की बोटं थंड पडत आणि कान तापे. म्हणजे एकूण उष्णता तेवढीच, फक्त बदली झालेली. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांत आई खुर्चीवर बसणार होती. आणि ती ज्या खुर्चीवर बसणार तिचे चारी पाय अंबूबाईच्या पाठीवर टेकणार होते, हे गच्चीवरून दिसलं नसतं. गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो. एका दुपारी अंबूबाई ऑफिसात फिनेलचे डबे न्यायला आली. सुमंतला वाटलं हिला आपण बँकेत पाठवलं होतं, ही काहीतरी चांगलं बोलेल. मनातल्या मनात त्यानं 'त्यात काय एवढं' असं उत्तरही तयार ठेवलं.

"तुमीच का त्यो कागूद काडल्याला?" तिनं विचारलं.

"हो."

"मला कुनी इचारलं हुतं? ब्यांकंत गेले तर शिपाई माज्या मागं मागं फिरतोय, हिकडं हात लावू नगं, तिकडं टेकू नगं. तितं खुर्च्या हायत रग्गड, पर माझा जीव सारा हुबा. चार दीस लुगडं सावरून हुबी हुते मी. परत असं करायचं आसंल तर आदी त्येला सांगा, मग मला धाडा." ती डबा उचलून दारापर्यंत गेली आणि वळली. "कुटलं म्हनं तुमी?"

"वडूज."

"वडूजात कुटं?"

त्यानं तोंड उघडलं, आणि दरवेळी आपोआप बाहेर पडणारं ते उत्तर आलंच नाही. ती उत्तराची वाट न बघता गेली. तिनं आपला सहज विचारलेला प्रश्न होता, सगळे विचारतात तसा. पण सुमंत भडकला. शिपायावर, अंबूबाईवर, बेदाण्यांवर, तुपावर, साहेबाच्या मुलावर, ज्याला आपलं नाव सांगलीत कोण वापरतोय याची कल्पनाही नव्हती. राग इतक्या दिशांना गेला की शेवटी दमून परत आला आणि कीबोर्डवर बसला. मग सुमंतनं रकाना लिहिला. अगदी मन लावून लिहिला. तात्यांनी सांगितलं होतं फक्त 'विशेष: आहे किंवा नाही'. सुमंतनं तशी पळवाट ठेवली नाही. रकान्यात पूर्ण शब्द लिहायचा, जो शब्द या ऑफिसात आजवर कुणी उच्चारला नव्हता तोच. सगळ्यांचा. मालक धरून, लिहिणारा धरून. संडास कुणाला, हे त्या शब्दावरूनच ठरणार. एक जरी कोरा राहिला तरी पाळ्या लागणार नाहीत. आणि रकाना काढून टाकला, तर पाळी पुण्यासारखी सगळ्यांना सगळीकडं फिरणार.

शनिवारी दुपारी बायका पायरीवर जमल्या. रेश्मा होती, तिला सोडायला आलेले आप्पासो होते, अंबूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तात्या सुमंतच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. बायकांचे रकाने तात्यांनी आधीच कागदावर भरून दिले होते, त्यांना कुणालाही विचारावं लागलं नव्हतं. पडदा तात्यांच्या नावाशी थांबला.

"माझं कशाला?" तात्या म्हणाले.

"त्याशिवाय पुढं जात नाही."

तात्यांनी मागं वळून बघितलं, सुमंतच्या कानाशी वाकले, उजव्याच, आणि जे साऱ्या सांगलीला माहीत होतं ते त्यांनी त्या कानात कुजबुजून सांगितलं. सुमंतनं ते लिहिलं. मग पडदा सुमंत वडूजकरपाशी थांबला. तात्या कौतुकानं म्हणाले, "हं, घाल तुझं." सुमंतनं एकेक अक्षर दाबलं.  हात टंकलेखनाच्या परीक्षेत असतो तसा होता. प्रिंटर करकरला. तात्यांनी कागद फाडून हातात घेतला, चष्मा चढवला, आणि वरून खाली बोट नेत नेत साताऱ्याच्या ओळीला थांबले. सातारा, सार्वजनिक संडास, सोमवार ते शनिवार: सुमंत वडूजकर.

"हे चुकलंय," तात्या म्हणाले.

"नाही. रकाना बघा."

तात्यांनी रकाना बघितला. मग सुमंतकडं. मग पुन्हा रकाना. त्यांच्या चेहऱ्यावरून भाजी गेली, मोदक गेले, गणपतीतला पाट गेला, एकामागोमाग, गाडीच्या खिडकीतून जावं तसं. सुमंत वाट बघत होता. ते ओरडले असते तर किती बरं झालं असतं! पण तात्या चांगले होते, आणि चांगुलपणा त्यांना ऐन वेळी कधी सोडून जात नसे. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, तो हवेतच थोडा वेळ राहिला आणि खुर्चीच्या पाठीवर उतरला.

"अरे वेड्या," ते हळू, अगदी मायेनं म्हणाले, "मग आधी सांगायचं नाहीस का? तुझा आपण कोरा ठेवला असता."

दारातून अंबूबाई म्हणाली, "आन माझा वो?"

 आप्पासो खाकरले. तात्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, "सातारचं... सोमवारी बघू आपण," म्हणाले, आणि घडी खिशाकडं निघाली. सुमंतनं ती वाटेत त्यांच्या बोटांतून काढून घेतली. उलगडली. उभा राहिला. आणि पहिल्या ओळीपासून, म्हणजे तात्यांपासून, आधी नाव आणि मग रकाना असं तो पायरीवरच्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचायला लागला.

तात्या उठले आणि त्यांनी घाईघाईनं रस्त्याकडची खिडकी लावून घेतली.